वार कुठला आज?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परवा एका लग्नात पानात नुकताच मांडा पडला होता आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "रिटायर झालासा न्हवं, मग आता वेळ कसा जातो हो तुमचा?" तोंडात मांडा असताना उत्तर देता येत नाही, पापुद्र्याचं काम ते, नुसतं हसलं तरी पिठीसाखर साडीवर. म्हणून मान हलवली आणि गप्प बसले. पण हा प्रश्न मला महिन्यातनं चारदा तरी येतो, पुण्याची भाची तर फोन उचलला की आधी हेच, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकूया.

वेळ जातो हो. वेळेची काही तक्रार नाही. वार चुकतात.

मी 36 वर्षं पोस्टात काऊंटरला होते. सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे तारखेचा शिक्का, कालचा आकडा काढायचा, आजचा बसवायचा, वहीत एक ठसा मारून बघायचा उलटा तर बसला नाही ना, आणि मग गिऱ्हाईक. बोटं काळी ती काळीच. म्हणजे आज कुठली तारीख हे मला कधी आठवावं लागलं नाही, माझ्या हातानंच ती रोज बदलायची. रिटायर झाले ती मे 2020 ला, भर लॉकडाऊनात, ना निरोप समारंभ ना नारळ, किल्ल्या दिल्या आणि मास्क लावून घरी आले. त्यानंतर काही महिने सोमवार काय आणि शुक्रवार काय, सगळं एकच. वर्षाअखेरीला एकदा पिशवी घेऊन बाजारात गेले तर लोणीवालीची जागा रिकामी, मी आपली अर्धा तास उभी. शेवटी शेजारचा कांदेवाला म्हणाला, "बाई, आज शुक्रवार हाय की!" घरी येऊन ह्यांना सांगितलंच नाही.

तेव्हा ठरवलं की प्रत्येक वाराला कुणीतरी मालक पाहिजे.

सगळ्या वारांना नाही मिळाले. मंगळवार अजून मोकळाच आहे, त्या दिवशी दाताचा डॉक्टर, गॅसवाला, बँक असली कामं ढकलते. सकाळचं फिरणं मात्र रोजचं, आमच्या बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात. झाडी मोठी, पावसाळ्यात चिखल, पण टिळकवाडीत राहून तिथं फिरायला नाही गेलं तर काय उपयोग. आम्ही तिघी असतो. नावं कशाला लिहू, आमच्यात पिनकोडनंच हाका मारायची सवय आहे, ती मीच लावली. शहापूरची ती 'तीन', 590003. मी आणि माझ्या मागच्या गल्लीतली दोघीही 590006, मग मी पोस्टातली म्हणून मी 'पोस्ट' आणि ती 'सहा'. ह्यातली तीन ही घरी कन्नड बोलते, फिरताना पहिलं वाक्य "ऊटा आतेन्री?", अहो सकाळी सहाला कुणाचं जेवण झालेलं असतं! पण ती विचारते, आणि आम्ही पण हो म्हणतो.

पिनकोडवरनं आठवलं, 2014 पासून गावाचं नाव बेळगावी झालं पण पाकिटांवर बेळगाव, बेळगावी, बेलगाम सगळं यायचं, एकानं तर 'बेळगांव (मिरजेजवळ)' असं लिहिलं होतं. खाली सहा आकडे बरोबर असले की पत्र पोचायचं. 1972 च्या 15 ऑगस्टला ज्यांनी हे आकडे चालू केले त्यांचे आपल्या गावावर मोठे उपकार आहेत, असं मी काऊंटरवर बोलायची आणि मराठी-कन्नड दोन्ही बाजूचे लोक हसायचे. आता रजिस्टर पोस्टही 2025 मध्ये स्पीड पोस्टात विरघळलं. मला वाईट वाटलं. ह्यांना नाही वाटलं.

बुधवार वाचनालयाचा. गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय 1848 चं आहे, म्हणजे सत्तावनच्या बंडाच्या आधीचं, हे पाहुण्यांना सांगितलं की ते "हो का" म्हणतात आणि कुंदा कुठं चांगला मिळतो ते विचारतात. पुस्तक घेताना मी आधी मागचं पान उघडते. जुन्या पुस्तकांना तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, कुणी कधी नेलं त्याचे जांभळे शिक्के, तेच बघत बसते. काही शिक्के इतके वाकडे असतात की हात शिवशिवतात. मागच्या महिन्यात जी. ए. कुलकर्णींच्या कथा परत काढल्या, कारण तीनचं माहेर एकसंब्याकडचं आणि जी.ए. एकसंब्यात जन्मले हे ती दर आठवड्याला ऐकवते. वाचलंय का विचारलं तर, "मराठी वाचायला मला वेळ लागतो, तू वाच आणि मला सांग." मग फिरताना मी तिला गोष्ट सांगते, ती मधेच म्हणते, "अय्यो, इतकं दुःख कशाला सकाळी सकाळी," आणि दुसऱ्या दिवशी पुढं काय झालं विचारते.

गुरुवार सहाचा. तिच्याकडं पेटी आहे, दुपारी तीन वाजल्यानंतर तिच्या पडवीत बसायचं. ती गाते, मी ऐकते, तीन टाळ वाजवते आणि चुकवते. आधी दोन अभंग, मग तीनसाठी पुरंदरदासांचं एखादं पद, आणि मग मोबाईल स्पीकरला जोडून ऐकणं. इथं भांडण ठरलेलं. सहा म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर, दुसरं कुणी नाही, कारण तिचे वडील धारवाडला आकाशवाणीवर त्यांचं गाणं लागलं की जेवण थांबवायचे. मी कुमार गंधर्वांची. माझं म्हणणं, ते आपल्या सुळेभावीचे, सांबऱ्याच्या पुढचं गाव, 8 एप्रिल 1924 चा जन्म, तर गावचा माणूस आधी. सहा म्हणते गाण्यात गाव बघतात काय? बरोबर आहे तिचं, पण मी मान्य करत नाही. खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही. त्या माणसाला क्षय झाला, देवासला जाऊन पडून राहिले, काही वर्षं गाणं बंद म्हणजे बंद, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले, उठले ते वेगळंच गाणं घेऊन. लॉकडाऊनात हे वाचलं तेव्हा माझेही दिवस असेच पडून होते. मी काय वेगळं घेऊन उठले नाही, पण ऐकायला लागले ते तेव्हापासून.

तीनचा ह्या भांडणात एकच डायलॉग असतो, "1924 ला बेळगावात गांधीजी आले, काँग्रेसचे अध्यक्ष झाले, गंगूबाई हनगल त्यांच्यासमोर गायल्या, त्या काय तुमच्या दोघींच्या नव्हेत, त्या माझ्या." मग चहा.

एक बोलायचं राहिलं, पुण्याची भाची माझ्या बोलण्याला हसते. आमच्यात बायकासुद्धा 'मी जातो, मी येतो' म्हणतात, लिहिताना मी पोस्टाच्या सवयीनं 'जाते' लिहिते, पण पडवीत बसले की 'मी आलोच, दूध बंद करून येतो' हेच तोंडात येतं.

नोव्हेंबरचं पण सांगते, कारण वेळ कसा जातो त्यात तेही आलं. पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका ठिकाणी गेले तर मशीन माझा अंगठा घेईना. दहाही बोटं झाली, पुसून, तेल लावून. समोरचा पोरगा म्हणतो, "आजी, तुमचे ठसे गेलेत." 36 वर्षं ठसे मारले आणि माझेच गेले! शेवटी पुतण्यानं घरी मोबाईलवर चेहरा दाखवून काम केलं, पापणी मिटा म्हणाला, मिटली, हयात ठरले.

आता शनिवार. शनिवार माझा नाही, लोणीवालीचा. येळ्ळूरकडनं येते, पानात बांधलेलं लोणी, एका बाजूला मेथी-शेपू, आणि दिवाळीनंतर ओळखीच्यांपुरता बासमती, नव्या भाताचा, शिजताना वास शेजारच्यांना कळतो इतका. मी एकदा पाहुण्यांमुळं गेले नाही तर पुढच्या खेपेला सुरू, "कुठं गेल्तासा? तुमच्या नावाचं लोणी ठेवलं, खवट झालं, आता कुणाला देऊ?" आणि मी मुकाट्यानं दुप्पट लोणी घेतलं. घरी कढवायचं, उतरताना विड्याचं पान टाकायचं, तूप गाळलं की बेरी राहते त्यात साखर घालून ह्यांना वाटी द्यायची. डॉक्टरांनी दोघांनाही नको म्हटलंय. शनिवारी डॉक्टरांचं ऐकत नाही. दुपारी आंबोळ्या, शेंगाची चटणी, ते तूप, आणि मग झोप.

गेल्या शनिवारी ती म्हणाली, "पुढच्या बाजाराला मी न्हाई हां, भाताची लावण हाय, दोन आठवड्याचं घेऊन ठेवा." घेतलं. पण म्हणजे येता शनिवार मोकळा. फिरताना बोलले तर तीन म्हणाली, मग सुळेभावीला जाऊया की बसनं, इतकी वर्षं त्याच्यावरनं भांडताय, गाव तरी बघितलंय काय दोघींनी? नाही बघितलं. सहा म्हणाली तिथं बघायला काय आहे, आणि पावसात कोण जातंय, आणि मी मल्लिकार्जुनांच्या मन्सूर गावालाच जाणार आधी. पण संध्याकाळी तिचाच फोन आला. आंबोळ्या गार झाल्यावर चामट होतात, त्यापेक्षा दशम्या करूया का, आणि चटणी कुणी आणायची.