गळलेला ‘असे’

एखाद्या धर्मगुरूचं वाक्य पेटलं की गोव्यात ते दुपारपर्यंत तीन तोंडांनी पोचतं: मराठी पेपरात, इंग्रजी पेपरात आणि व्हॉट्सॅपवर रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत. भाजीपावाच्या गाड्यावर तिघं तिघांशी भांडतात ते तीन वेगळ्या वाक्यांवरून. हे कसं घडतं ते पाहायला पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या भाषणासारखं उदाहरण नाही, कारण त्याचा पाठ व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतो.

12 सप्टेंबर 2006, मंगळवार. ज्या विद्यापीठात 1969 ते 1977 ते शिकवत होते, तिथे पोप जर्मनमधून बोलले. विषय श्रद्धा आणि विवेकबुद्धीचा. सुरुवातीलाच त्यांनी बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट मॅन्युएल दुसरा याचं वचन वाचून दाखवलं. महंमदांनी नवं काय आणलं ते दाखव, तुला फक्त वाईट आणि अमानुषच सापडेल, जसं की तलवारीने धर्म पसरवण्याची आज्ञा, असा त्याचा आशय. हा सम्राट 1391च्या सुमारास अंकाऱ्याजवळच्या छावणीत एका पर्शियन विद्वानाशी वाद घालत होता. गंमत म्हणजे तेव्हा तो स्वतः ऑटोमन सुलतानाचा मांडलिक होता.

हे मराठीत नीट लिहायचं तर दोन ‘असे’ लागतात: ‘...असे सम्राट म्हणतो, असे पोपनी सांगितले.’ मथळ्यात दोन ‘असे’ मावत नाहीत. एक गळतो, त्याबरोबर सम्राटही गळतो, आणि उरतं ‘पोप म्हणाले’. वाईट हेतू लागतोच असं नाही, कॉलमची रुंदी पुरते.

पण सगळा दोष मथळ्यावर टाकून पोपना मोकळं सोडता येत नाही. त्या दिवशी त्यांनी सम्राटाचं बोलणं आश्चर्य वाटावं इतकं कठोर आहे एवढंच म्हटलं होतं. ‘हा कठोरपणा आम्हाला मान्य नाही’ हे शब्द नंतरच्या, तळटीपांसह निघालेल्या पाठात आले. पहिल्या पाठाखाली हा मजकूर तात्पुरता आहे अशी टीपही होती. तेव्हा आज तळटीपांचा पाठ उघडून ‘पोपनी तर निषेध केला होता’ म्हणणारा अर्धंच खरं सांगतो. कुठला पाठ वाचतोय ते आधी पाहावं.

भाषण मंगळवारी, भडका शुक्रवारी. 15 तारखेला, जुम्म्याच्या दिवशी, ठिकठिकाणी निदर्शनं झाली आणि पाकिस्तानच्या संसदेने निषेधाचा ठराव केला. शनिवारी पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसमध्ये चर्चवर पेटत्या बाटल्या पडल्या, त्यात एक ग्रीक ऑर्थोडॉक्सांचं आणि एक अँग्लिकनांचं. दोघंही पोपला मानणारे नव्हेत. रविवारी सोमालियातल्या मोगादिशूत इटालियन नन लिओनेल्ला स्गोर्बाती यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि ती हत्याही याच वादाशी जोडली गेली. गोव्यात 2011च्या जनगणनेत ख्रिस्ती 25 टक्के आणि मुसलमान 8 टक्क्यांच्या वर. अशा ठिकाणी इगर्जीतला पाद्री आणि मशिदीतला इमाम, दोघांनाही दुसऱ्याच कुणाच्या वाक्याचं उत्तर विचारलं जातं.

त्याच रविवारी पोप इटालियनमध्ये बोलले. शब्द होते ‘विवामेंते राम्मारिकातो’, आणि तेही प्रतिक्रियांबद्दल. ते वचन आपलं मत नव्हे, असंही त्यांनी सांगितलं. इंग्रजीत त्याचं ‘डीपली सॉरी’ झालं, आणि सॉरीचं मराठी करताना हात आपोआप ‘माफी’कडे जातो. माफी स्वतःच्या चुकीची मागतात. राम्मारिकातो म्हणजे खेद, फार तर तीव्र खेद. दिलगिरीसुद्धा इथे जरा जास्तच. ज्याने ‘माफी’ वाचलं त्याला प्रकरण मिटलं असं वाटतं, ज्याला माफी हवी होती त्याला ती मिळालेलीच नसते, आणि दोघं एकाच बाकड्यावर बसलेले असतात.

सगळ्यात कसदार उत्तर महिन्याभराने आलं, म्हणून ते फार थोड्यांनी वाचलं. 38 मुस्लिम विद्वानांनी पोपना खुलं पत्र लिहिलं. धर्मात जबरदस्ती नाही, ही कुराणातली आयत (2:256) पोपनी महंमदांच्या हाती सत्ता नसतानाच्या काळातली म्हणून सांगितली होती. विद्वानांनी दाखवून दिलं की ती मदिनेतली, म्हणजे सत्ता हाती येऊ लागल्यानंतरची. ही दुरुस्ती चिल्लर नाही; पोपच्या परिच्छेदाचा एक टेकूच तिने काढला. पुढच्या वर्षी, 13 ऑक्टोबर 2007 रोजी, 138 विद्वानांच्या सह्यांचं दुसरं पत्र निघालं, तेही संवादाचं.

मधे 30 नोव्हेंबर 2006ला पोप इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत गेले आणि मुफ्तींच्या शेजारी थोडा वेळ निःशब्द उभे राहिले. पोपनी प्रार्थना केली का, हा प्रश्न लगेच निघाला. व्हॅटिकनच्या प्रवक्त्याने जपून ‘ध्यान’ म्हटलं. ‘मौन उभे राहिले’ एवढं लिहिलं असतं तरी बातमी पूर्ण होती.