नको म्हणण्याचा परवाना

नाशिकला आत्याकडे सणावाराला पंगत बसली की जिलबीचं ताट ठरल्यासारखं माझ्या हातात यायचं आणि मागून आत्याचा आवाज: "हात आखडता घेऊ नकोस गं. नको म्हणाले तरी एक टाकायचीच." पानावर आडवा हात धरणाऱ्या काकांच्या बोटांच्या फटीतून जिलबी सरकवण्यात माझा हातखंडा होता. तीच मी सिडनीत एक अख्खा दिवस वर्गात बसून नेमकं उलटं शिकले, आणि त्याचं मला सरकारी कार्ड मिळालं.

कार्डाचं नाव आरएसए, म्हणजे रिस्पॉन्सिबल सर्व्हिस ऑफ अल्कोहोल, जबाबदारीनं दारू वाढणं. सिडनी ज्या राज्यात येतं त्या न्यू साउथ वेल्समध्ये पबच्या काउंटरमागे उभं राहायचं असो, लग्नाच्या हॉलमध्ये वाइनचे ट्रे फिरवायचे असोत की बाटल्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं असो, हे हवंच. विद्यार्थी व्हिसावर मला सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करायची मुभा आहे. ते तास शनिवार-रविवारच्या रात्री पबमध्ये घालवले तर भाडं निघतं, एवढा साधा हिशेब. घरी मात्र मी "हॉटेलात काम करते" एवढंच सांगितलं होतं.

मला वाटलं होतं, कॉकटेलचा शेकर हलवायला शिकवतील. वर्गात शेकर नव्हताच. होते ते प्लॅस्टिकचे ग्लास, रंगीत पाण्याचा जग आणि आधी बरीच वर्षं पब चालवलेल्या शिक्षिकाबाई. त्यांनी पहिल्यांदा आम्हाला "एक ड्रिंक" ओतायला लावलं. सगळ्यांचं चुकलं. इथे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. वाइन असेल तर जेमतेम १०० मिली, म्हणजे आपण पाहुण्याला दिला तर कंजूष ठरू इतकीच. सिडनीत बिअरचा नेहमीचा ग्लास स्कूनर, ४२५ मिलीचा. नेहमीच्या कडक बिअरचा असेल तर तो एकटाच दीडच्या वर जातो. (अ‍ॅडलेडला स्कूनर मागितलात तर २८५ मिलीच मिळेल. एकाच देशात.) मी वहीच्या मागच्या पानावर आपल्याकडचा हिशेब करून पाहिला: व्हिस्कीचा ३० मिलीचा 'स्मॉल' म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक, आणि 'क्वार्टर' म्हणजे सहा. शरीर साधारण तासाला एक निपटवतं. मग कॉफी पाजा, लिंबू चाटवा की डोक्यावर पाणी ओता, वेग तोच. लिंबाचं ऐकून मला गावाकडचे बरेच प्रसंग आठवले.

बाकीचा दिवस मात्र एकाच गोष्टीवर गेला: समोरच्याला झालेली आहे हे ओळखायचं कसं आणि नाही म्हणायचं कसं. इथला कायदा त्यासाठी चार गोष्टी बघायला सांगतो. बोलणं, तोल, हालचालींचा ताळमेळ आणि वागणं. यात दिसण्याजोगा फरक पडलाय आणि तो दारूमुळेच आहे असं मानायला कारण आहे, तर तो माणूस 'इंटॉक्सिकेटेड'. त्याला दारू दिली तर दंड ११,००० डॉलरपर्यंत, आणि तो फक्त मालकाला नाही; ओतणाऱ्या हातालाही. बाहेर काढलेल्या माणसानं २४ तास परत आत यायचं नाही आणि सहा तास दारापासून ५० मीटरच्या आत घुटमळायचंही नाही. बाईंनी आवर्जून सांगितलं की मधुमेहात साखर उतरलेला किंवा अर्धांगवायूतून उठलेला माणूसही असाच बोलतो, असाच चालतो. आधी बघा, दोन शब्द बोला, मग ठरवा.

आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानं परवाना पिणाऱ्याला लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. इथे पिणारा मोकळा, अठरा पूर्ण असली की झालं, परवाना वाढपीणबाईला.

कागदपत्रांचं थोडक्यात. कोर्सच्या आधी यूएसआय नावाचा विद्यार्थी क्रमांक काढावा लागतो. तिथे मी मधलं, म्हणजे बाबांचं, नाव गाळलं आणि पासपोर्टवर ते होतं; दोन दिवस त्यात गेले. तुम्ही येणार असाल तर नाव पासपोर्टवर आहे तस्संच भरा. पास झालात की तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर लगेच काम सुरू करता येतं, पण ९० दिवसांच्या आत सर्व्हिस एनएसडब्ल्यू या राज्य सरकारच्या सेवा केंद्राच्या कचेरीत जाऊन फोटो काढून कार्ड करून घ्यायचं. ते पाच वर्षं चालतं. कोर्स याच राज्यानं मान्यता दिलेल्या संस्थेतूनच करायचा. मेलबर्नच्या मैत्रिणीचा स्वस्तातला कोर्स इथे तसाच चालत नाही.

परीक्षेत मला रंगीत पाणी 'प्यायलेल्या' वर्गमित्राला नकार द्यायचा होता. मी म्हटलं, "सॉरी, पण तुम्ही जरा जास्त घेतलीय." बाईंनी थांबवलं. 'तुम्ही' नको. त्याच्या पिण्याबद्दल बोललीस की तो वाद घालणार. कायद्यानं मला देता येत नाही, एवढंच म्हण. हळू आवाजात, मित्रांच्या घोळक्यापासून बाजूला घेऊन. आणि लगेच हातात पाण्याचा ग्लास दे. जिथे बसून प्यायची सोय आहे अशा प्रत्येक परवानाधारक ठिकाणी पाणी इथे फुकट द्यावंच लागतं.

खऱ्या नकाराची वेळ तिसऱ्याच आठवड्यात आली. रोज येणारे एक आजोबा, माझ्या बाबांपेक्षा मोठे, खिशातली नाणी मोजताना तीनदा खाली पाडली. माझ्या तोंडून पाठ केलेलं वाक्य बाहेर पडेना. शेवटी पडलं, तेही इतकं हळू की त्यांनी कान पुढे केला. मग ते रागावले नाहीत, नुसते ओशाळले. मला ते जास्त जड गेलं. मॅनेजरला सांगितलं, टॅक्सी बोलावली, नोंदवहीत वेळ टाकून लिहिलं. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. पाहुण्याला रिकाम्या ग्लासानं उठवलं, हीच भावना मनात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नेहमीच्या वेळी आले, "मेट" (इथल्या बोलीत 'दोस्त') म्हणाले आणि चिप्सचं पाकीट मागितलं.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर घरी सगळं सांगून टाकलं. बाबा पेपरात बघत राहिले. आत्या तिथेच होती. "दारू वाढतेस? आणि त्याला परीक्षा असते?" मी म्हटलं, न वाढण्याची असते, आणि कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"फोटोत केवढी वाळलीस गं," ती म्हणाली. "तिथं तुला कुणी वाढतं की नाही?"