कोलिस्टिनचा रिपोर्ट अडतो कुठे: माझा अनुभव

आयसीयूतल्या क्लेबसिएला या जंतूवर मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालत नाही असं दिसलं की लगेच विचारणा होते, शेवटचा पर्याय असलेल्या कोलिस्टिनचं काय? कल्चर, जंतूची ओळख, बाकीच्या औषधांची सेन्सिटिव्हिटी यांत फारसं अडत नाही. गाडी रुतते ती इथे. आणि मग ठरलेला आग्रह: "डिस्क लावा आणि सांगून टाका." डिस्क म्हणजे औषध भिजवलेली कागदी चकती, ती जंतूंच्या प्लेटवर ठेवायची. या आग्रहाचा मला अजूनही संताप येतो.

कोलिस्टिनचा रेणू मोठा, तो अगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, नीट पसरतच नाही. प्रतिरोधक आणि संवेदनशील जंतूंचे झोन (चकतीभोवतीची वाढ नसलेली वर्तुळं) जवळपास सारखे दिसतात. औषधाचं प्रमाण चढत जाणाऱ्या ग्रेडियंट पट्टीवरही भरवसा ठेवता येत नाही, ती एमआयसी (जंतूची वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण) कमी दाखवते. शिवाय डिस्कलाही रात्रभर इन्क्युबेशन लागतंच, म्हणजे वेळही वाचत नाही! खात्रीची संदर्भ पद्धत म्हणजे ब्रॉथ मायक्रोडायल्युशन: औषधाचं प्रमाण वाढवत नेलेल्या द्रव माध्यमात (ब्रॉथमध्ये) जंतू वाढतो का ते बघायचं.

त्यात घोळ होतात ते साहित्याचे. पावडर कोलिस्टिन सल्फेटचीच हवी. इंजेक्शनमधलं मिथेनसल्फोनेट हे निष्क्रिय रूप आहे, ते हळूहळू विघटित होऊन कोलिस्टिन बनतं, त्यामुळे आकडे फसवे येतात. प्लेट साध्या पॉलिस्टायरीनची घ्या, टिश्यू कल्चरसाठी प्रक्रिया केलेली नको. पॉलिसॉर्बेट ८० (साबणासारखं काम करणारं द्रव्य) घालू नका. ब्रॉथ कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेला म्युलर-हिंटन. वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) जंतू मिलिलिटरला सुमारे ५ लाख, तापमान ३५ अंश, वेळ १६ ते २० तास. मधलेच वेल रिकामे आणि पुढच्यात वाढ, असं एकाहून जास्त ठिकाणी झालं तर रिपोर्ट सोडू नका, पुन्हा लावा.

हो, आणि प्रोटियस किंवा सेरेशिया असेल तर एवढा खटाटोप करूच नका, त्यांच्यात हा प्रतिरोध जन्मजात असतो.

कंट्रोलला, म्हणजे चाचणी बरोबर चालतेय का हे तपासायला, ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा प्रमाण जंतू लावतोच (एमआयसी ०.२५ ते २ मायक्रोग्रॅम/मिली यायला हवी), पण तो संवेदनशील आहे. प्रतिरोध पकडला जातोय का हे कळायला कोलिस्टिनला प्रतिरोध देणारं एमसीआर-१ जनुक असलेला एनसीटीसी १३८४६ हा प्रमाण जंतू सोबत हवा. त्याची एमआयसी ४ च्या आसपास यायला हवी.

रिपोर्ट गेल्यावर फोन येतो, "इंटरमीडिएट का लिहिलंय?" प्रयोगशाळांची मानकं ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेने २०२० पासून कोलिस्टिनसाठी 'संवेदनशील' हा गटच काढून टाकला. २ किंवा कमी म्हणजे इंटरमीडिएट, ४ किंवा जास्त म्हणजे प्रतिरोधक. ही ओळ रिपोर्टवर एमआयसीच्या आकड्याखाली छापूनच द्या.