नौदलाच्या जुन्या वॉटर बार्जचं रिफिट, माझा अनुभव

घोडबंदरच्या पुढे खाडीकाठी जहाजदुरुस्तीच्या एका छोट्या यार्डात मी हल सुपरवायझर आहे, म्हणजे बोटीच्या लोखंडी अंगाचं काम बघतो, राहायला कळव्याला. मागच्या उन्हाळ्यात नौदलाच्या एका जुन्या वॉटर बार्जचं, म्हणजे जहाजांना पाणी पोचवणाऱ्या बोटीचं, रिफिट (मोठी दुरुस्ती) माझ्याकडे आलं, पहिलंच स्वतंत्र काम. मुद्दाम लिहितोय कारण युद्धनौकांबद्दल सगळे वाचतात, पण नांगरावर उभ्या जहाजाला पिण्याचं पाणी कोण नेऊन देतं हे कुणी विचारत नाही.

अशा बोटींना यार्डक्राफ्ट म्हणतात. त्यांच्यावर बहुतेक नौदलाचेच सिव्हिलियन लोक असतात, सारंग (बोट चालवणारा), लस्कर (खलाशी), इंजिन ड्रायव्हर. आमच्या बार्जचे सारंगकाका रत्नागिरीकडचे, बारा वर्षं तिच्यावरच. आणि ठाण्याचा नौदलाशी काय संबंध असं वाटत असेल तर सांगतो, 2021 मध्ये नौदलाने दारूगोळा, टॉर्पेडो, मिसाइल वाहणाऱ्या 11 बार्जचं काम ठाण्यातल्याच एका लहान कंपनीला दिलंय.

आमच्याकडे सुकी गोदी नाही, हवा भरलेल्या रबरी एअरबॅगवरून बोट काठावर ओढून घेतो, त्यामुळे उधाणाची भरतीच लागते. काका टाइड टेबल (भरती-ओहोटीचं वेळापत्रक) बघतच नव्हते, तिथीला पाऊणपट कर म्हणाले, भरतीचा तास येतो, पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, आणि आत खाडीत थोडा उशीर धर. चैत्र पौर्णिमेला वर घेतली. उतरवायची वैशाख अमावास्येला, चुकलं तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस थांबा, आणि तोवर पाऊस.

शिंपले खरवडून धुतल्यावर खडूने चौकोन आखले आणि अल्ट्रासोनिक गेजने (ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्र) प्लेटची जाडी घेत गेलो. मूळ प्लेट 8 मिमीची, 6 च्या खाली गेली की कापायची असं ठरलेलं. तळ बरा होता, पण वॉटरलाइनच्या पट्ट्यात, जिथे हवा आणि खारं पाणी आलटून पालटून लागतं, तिथे 5.4, 5.6. उजव्या बाजूला डबलर, म्हणजे जुन्या प्लेटवरच ठोकलेली दुसरी प्लेट. काकांना विचारलं तर म्हणाले, मान्सूनमध्ये एका जहाजाला लागताना लाटेने आपटली होती, तेव्हाचं. प्रत्येक पोच्याची गोष्ट त्यांना माहीत होती, मी आकड्यांच्या शेजारी त्याही लिहून घेतल्या.

सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला तो टाकीत. तीन नंबरची गोड्या पाण्याची टाकी बरेच दिवस बंद होती, झाकण काढून ऑक्सिजन मोजणारा मीटर आत सोडला तर ऑक्सिजन 17.2 टक्के. बाहेर 20.9 असतो, 19.5 च्या खाली माणूस आत सोडायचा नाही. गॅस नाही, वास नाही, काही नाही, लोखंड गंजताना बंद टाकीतला ऑक्सिजनच खाऊन टाकतं. आमचे मिस्त्री म्हणाले दोन मिनिटांचं काम आहे भाऊ, जातो नि येतो, मी झाकणावर बसून राहिलो, त्यांना राग आला, तासभर काम बंद. रात्रभर ब्लोअर लावला, सकाळी 20.8 आल्यावरच सोडलं. जे कुणी अशा कामात आहेत त्यांना हात जोडून सांगतो, वासावर जाऊ नका, मीटर सोडा.

नवीन प्लेट बसल्या, मग गळती बघायला टाकीत 0.2 बार दाबाने हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं आणि नेमके त्या डबलरच्या कोपऱ्यात बुडबुडे. वरून वेल्डिंग मारून भागलं असतं, पण मला ते पटेना. डबलर कापला, खालची प्लेटही काढली आणि कोपरे गोल ठेवून नवीन इन्सर्ट, म्हणजे कापलेल्या जागेत बसणारा प्लेटचा तुकडा, बसवला, कारण चौकोनी कोपऱ्यात ताण साचतो आणि चीर तिथूनच सुरू होते. दोन दिवस गेले.

मग पेंट. लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला दव धरतं त्याच्या) निदान 3 अंश वर आणि आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत पाहिजे, मे अखेरीला खाडीवर सकाळी 90. रोज अकरापर्यंत नुसतं थांबायचो. टाकीच्या आतला पिण्याच्या पाण्यासाठीचा इपॉक्सी रंग पुरता पिकायला आठवडा, तो संपला अमावास्येच्या आदल्या रात्री.

अमावास्येला दुपारी बार्ज तरंगली. मी टॉर्च घेऊन खाली उतरलो, नवीन सांध्यांवरून हात फिरवत गेलो, सगळं कोरडं. पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला, पहिली खेप देऊन आलो बाळा, तीन नंबर भरलेली होती, थेंबसुद्धा गळला नाही.