शेंडा वाळला की आत बघायचं

शेतीशाळेत प्रशिक्षक म्हणून माझा तो पहिलाच हंगाम. भाजीपाला करणारे चोवीस जण, पीक वांग्याचं. आठवड्यातून एक सकाळ भेटायचं आणि रोपं लावल्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत भेटत राहायचं.

या पद्धतीचा इतिहास मला पाठ होता. १९८९ साली इंडोनेशियात, अन्न व कृषी संघटनेच्या साथीने, भाताच्या पिकात अशा शाळा सुरू झाल्या. तपकिरी तुडतुड्यांनी तिथलं भात करपून जात होतं, आणि जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडे वाढले, कारण त्यांना खाणारे कोळी आणि पिकातले शिकारी ढेकूण आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदी घातल्याने कुणाला कीड ओळखता येत नाही. ते शिकायला शेतातच बसावं लागतं, म्हणून ही शाळा. हे सगळं मी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, “ताई, ते सगळं खरं. आमच्या वांग्यातल्या अळीचं काय?”

त्या दिवशी माझ्याकडे त्यांच्या जोगं उत्तर नव्हतं.

आम्ही जमिनीचे दोन पट्टे केले. एकात त्यांची नेहमीची रीत, म्हणजे ठरलेल्या दिवशी फवारणी. दुसऱ्यात काय करायचं ते दर आठवड्याला झाडं पाहून सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाच गट, प्रत्येक गटाने दहा झाडं पाहायची: पानांच्या वर, खाली, शेंड्यात, बुडाशी. मग सावलीत बसून मोठ्या कागदावर मधोमध झाड काढायचं, एका बाजूला शत्रूकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, वर ऊन की ढग, खाली मातीतली ओल. पहिले दोन आठवडे चित्र काढायला सगळेच लाजले. नंतर रंगीत खडूंवरून ओढाताण व्हायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात मी तोंडघशी पडले. ढालकिडा मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, खातो, तो आपला मित्र, असं मी आदल्या भेटीत सांगितलं होतं. एक ताई पानासकट एक किडा घेऊन आल्या. गोल, तांबूस, पाठीवर काळे ठिपके. “हा मित्र पानाची जाळी करतोय,” त्या म्हणाल्या. खरंच पानाचा हिरवा गर खरवडलेला होता, नुसत्या शिरा उरल्या होत्या. तो हड्डा भुंगा होता. ढालकिड्याच्याच कुळातला, पण पानं खाणारा. मला नाव माहीत होतं, पण सांगायचं राहून गेलं होतं.

भिंग काढलं आणि दोघांना शेजारी ठेवलं. मित्राची पाठ तुळतुळीत चकाकते, हड्ड्याची मंद दिसते, कारण तिच्यावर बारीक लव असते. हड्ड्याच्या अळीला पिवळट अंगावर काटे असतात. ढालकिड्याची अळी काळपट, लांबोळी, इवल्याशा मगरीसारखी. ही मगर पाहून तिघेजण एकदमच बोलले की हिला तर आम्ही आजवर कीड समजून मारत आलो. मावा खाणारं सगळ्यात खादाड पोर तेच. त्या दिवसापासून मी एक नियम केला: नाव शेवटी सांगायचं, आधी विचारायचं की हा काय खाताना दिसला.

त्यातूनच कीटकघर उभं राहिलं. काचेच्या बरण्या, तोंडाला मलमलीचं फडकं, आत पान आणि एक-दोन किडे. एका काकूंनी फुगलेला, तपकिरी, हलत नसलेला मावा बरणीत ठेवला होता. त्यांना वाटलं रोग आहे. चार दिवसांनी प्रत्येक माव्याच्या पाठीवर गोल भोक आणि बरणीत डोळ्याला जेमतेम दिसतील अशा गांधीलमाश्या. माशीने माव्याच्या पोटात अंडं घातलं होतं. काकू ती बरणी घरोघर घेऊन हिंडल्या. माझ्या कुठल्याही भाषणाने तेवढं काम केलं नसतं.

कपड्यांचा प्रयोग मात्र एका सकाळीच उरकला. फवारणी करणाऱ्या एका दादांना पांढरा सदरा-पायजमा घालायला लावला, पंपात औषधाऐवजी खायचा लाल रंग घातलेलं पाणी. अर्ध्या तासात मांड्या, मनगटं, पंपाच्या बाजूची पाठ लालभडक. त्यांच्या पत्नी काही न बोलता तो सदरा पाहत राहिल्या. फवारणीचे कपडे त्याच धुत होत्या.

खरी परीक्षा आठव्या आठवड्यात आली. शेंडे माना टाकायला लागले. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की काही तासांतच शेंड्यात शिरते, आणि एकदा आत गेली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून सुकलेला शेंडा दिसला की सुकलेल्या भागाच्या बोटभर खाली कापायचा, उभा चिरून अळी बघायची आणि पिशवीत भरून नष्ट करायचा. बांधावर टाकला तर मोठी झालेली अळी त्यातून निघून मातीत किंवा पालापाचोळ्यात कोष करते. आम्ही हे आठवड्यातून दोनदा करत होतो. या अळीच्या नर पतंगांना मादीच्या वासाने ओढणारे कामगंध सापळे पिकाच्या उंचीच्या जरा वर लावले होते, पीक वाढेल तसे वर सरकवत होतो. तरी शेंडे वाळतच होते. सापळ्यात पतंग पडत होते आणि दर सकाळी नवे होते.

गट दोन भागांत फुटला. निम्म्यांना तातडीने कडक औषध मारायचं होतं. मी घाबरले होते. हंगाम त्यांचा होता, घरात येणारा पैसा त्यांचा, आणि चूक झाली तर मी पुढच्या महिन्यात दुसऱ्या गटाकडे जाणार होते. प्रशिक्षकाने निर्णय लादायचा नाही हे शिकले होते, पण गप्प बसणं इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. मी एवढंच विचारलं: पतंग येतात कुठून?

त्या दिवशी कागद बाजूला ठेवून सगळे शिवार फिरले. शेजारच्या रानात, कुंपणाला टेकवून, मागच्या हंगामातल्या वांग्याच्या काड्यांचा ढीग होता, चुलीसाठी राखलेला. एका मुलाने काड्या उपसल्या. सुकल्या पानांच्या आणि काटक्यांच्या बेचक्यांत राखाडी कोष होते, काही रिकामे, काही भरलेले. आम्ही इकडे शेंडे कापत होतो आणि पलीकडून रोज नवे पतंग उडत येत होते. ते रान गटाबाहेरच्या माणसाचं होतं. त्याच्याकडे मी गेले नाही, गटातलेच दोघे गेले. त्याने ढीग लगेच चुलीला लावायचं कबूल केलं आणि उरलेल्यावर बारीक जाळी टाकू दिली.

दोन आठवड्यांत सापळ्यातले पतंग कमी झाले. शेंडे वाळणं थांबलं नाही, पण कापून आवरेल इतकं राहिलं. फळंही काही किडली. ज्यांना एकही किडकं वांगं नको होतं त्यांना हा पट्टा शेवटपर्यंत पटला नाही, आणि त्यांचं म्हणणं मी खोडलं नाही. पण नेहमीच्या पट्ट्यात कोळी आणि ढालकिडे दिसेनासे झाले होते आणि तिथे पानांचा रस शोषणारा बारीक लाल कोळी लागला. तो कागदावर चितारताना कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तुडतुडे आणि पांढरी माशी वाढली तेव्हा आम्ही निंबोळी अर्क केला. त्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बहुतेक ठिकाणी तो फसतो तो घाईमुळे. पाच टक्क्यांच्या अर्कासाठी पाच किलो निंबोळी पावडर दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, साबणाचं पाणी मिसळून एकूण शंभर लिटर करायचं आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचं. उन्हात त्यातलं किडीला रोखणारं द्रव्य लवकर विघटित होतं. शिवाय किडी लगेच मरत नाहीत, खाणं आणि वाढणं थांबतं. दुसऱ्या दिवशी जिवंत किडे पाहून “काम झालं नाही” असं म्हणणाऱ्यांना आम्ही पाचव्या दिवशी पुन्हा मोजायला लावलं.

शेवटच्या आठवड्यात मतपेटीची चाचणी घेतली, पहिल्या दिवशी घेतली होती तीच. काठ्यांवर खरे किडे, खरी पानं, खाली तीन खोकी, ज्याला जे उत्तर वाटेल त्यात चिठ्ठी टाकायची. हड्डा भुंगा आणि ढालकिडा मी मुद्दाम शेजारी लावले होते. तिथे बहुतेकांनी आधी भिंग मागितलं.

तोडे संपले त्या दिवशी काड्या उपटायला सगळे आले. मी निघायच्या तयारीत होते. काकांनी, पहिल्या दिवशी अळीचं विचारणाऱ्यांनी, गटाच्या वहीत पुढच्या लावणीआधीची एक तारीख लिहिली होती: शिवारातले सगळे जुने ढीग पाहायचे, जाळी कुणाकडे किती आहे ते आधी विचारून ठेवायचं. खाली ज्यांच्याकडे जायचं त्या घरांची यादी होती. त्यातली निम्म्याहून जास्त घरं शेतीशाळेत कधी आलीच नव्हती.