साडेतीनशे मीटरसाठी एवढी तयारी?

स्कॉटलंडमधल्या कॉनिक हिल या टेकडीची उंची ३६१ मीटर. आकडा ऐकून मामा हसलेच. "अगं, आमचा अजिंक्यतारा हजार मीटर आहे. तो मी रोज सकाळी चहाच्या आधी चढून येतो."

ते खरंच रोज चढतात, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. पण ते हजार मीटर समुद्रसपाटीपासूनचे. सातारा शहरच सातशेच्या वर वसलंय, म्हणजे गडाचा प्रत्यक्ष चढ तीनशेच्या आसपास. इकडे पायथ्याशी असलेल्या लॉख लोमंड तलावाचं पाणी समुद्रापेक्षा जेमतेम आठ मीटर वर. त्यामुळे ३६१ पैकी जवळजवळ सगळे मीटर पायांनीच मोजायचे. हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा मामांनी चष्मा लावला आणि नकाशा स्वतःकडे ओढला.

ग्लासगोत आमच्याकडे गाडी नाही. कॉनिक हिल निवडण्याचं अर्धं कारण तेच. क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून बलोखची लोकल, साधारण पाऊण तास, आणि तिथून बालमाहा गावाची बस. बस मात्र आपल्या आडगावच्या एसटीसारखी, चुकली तर पुढची केव्हा ते वेळापत्रकात शोधत बसायचं. म्हणून आधी परतीची बस ठरवली आणि तिथून उलटं मोजत सकाळपर्यंत आलो.

चढायला किती वेळ लागेल, यासाठी इथले लोक अजूनही विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला हिशोब वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. येऊन-जाऊन चार किलोमीटर आणि साडेतीनशे मीटर चढ, म्हणजे दीड तासाच्या आत. मामांचे गुडघे, फोटो आणि फराळाचा डबा धरून मी तीन तास लावले. नेस्मिथसाहेबांच्या हिशोबात चकली धरलेली नसावी.

खरा पेच उजेडाचा होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. शनिवारी पावणेसहाला मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचलाच गुडुप. मामांना रविवार हवा होता, मी शनिवारच धरून बसले. डिसेंबरात तर पावणेचारलाच अंधारतं, तेव्हा ही टेकडीसुद्धा दुपारी चढायला घ्यायची नसते.

हवामानाचं पान रोज उघडून पाहत होते. डोंगरांसाठीच्या अंदाजात माथ्यावर वारा किती, तो अंगावर घेऊन चालता येईल का, माथे ढगाबाहेर असण्याची शक्यता किती टक्के, असं सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. सह्याद्रीत पावसाळा ठरलेल्या वेळी येतो आणि ठरलेल्या वेळी जातो. इथे तो एकाच दुपारी चार वेळा येऊन जातो. त्यामुळे कपड्यांवरून थोडी वादावादी झाली. मामांची जीन्स बाद. भिजली की वाळत नाही, आणि वाऱ्यात अंगाची ऊब शोषून घेते. एका जाड स्वेटरऐवजी पातळ तीन थर, वर पावसाचं जॅकेट. कानटोपी त्यांची स्वतःची, साताऱ्याहून आणलेली, तिच्याबद्दल मी काही बोलले नाही.

तिकीट, परवानगी, नोंदवही असलं काही नाही. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालण्याचा हक्क सगळ्यांना दिलाय. फाटक जसं असेल तसं ठेवायचं आणि मेंढ्यांना बिचकवायचं नाही, एवढी अट.

बालमाहात उतरल्यावर टॉम वीयर यांचा पुतळा दिसतो, डोक्यावर लोकरी टोपी. दूरदर्शनवरून स्कॉटलंडचे डोंगर घराघरात पोचवणारा हा माणूस १९५० मध्ये स्कॉटिश मोहिमेबरोबर आपल्या गढवाल-कुमाऊंत फिरून गेला होता. हे कळल्यावर मामांनी आपली कानटोपी नीट केली आणि पुतळ्याशेजारी फोटो काढून घेतला.

वाट आधी झाडीतून, मग पायऱ्यापायऱ्यांनी चांगली दम काढते. वर उघड्यावर आलो आणि वाऱ्याने बोलणंच बंद केलं. पायाखालचा खडक पाहायला मात्र मामा वाकले. तांबूस दगडात नदीतले गुळगुळीत गोटे रुतलेले, चिक्कीत शेंगदाणे असावेत तसे. आपल्या काळ्या कातळाशी काही नातं नाही. मुख्य धारेवरून मागे वळलं की तलावातली इंचकॅलॉक, टॉरिंच, क्रीन्च, इंचमरिन ही बेटं टेकडीच्याच रेषेत ओळीने दिसतात. ॲरन बेटापासून पूर्व किनाऱ्यावरच्या स्टोनहेवनपर्यंत जाणारा हायलँड या डोंगराळ भागाच्या सीमेचा भूभ्रंश, म्हणजे जमिनीच्या कवचातली मोठी भेग, इथूनच जातो. डावीकडे सखल शेतं, उजवीकडे डोंगर, आणि मधली शिवण आपल्या पायाखाली. नकाशावर बोट ठेवून सांगितलेलं मामांना पटलं नव्हतं. इथे ते स्वतःच मला समजावून सांगायला लागले.

दगडाच्या आडोशाला डबा उघडला. चिवडा वाऱ्याने अर्धा नेला, चकली टिकली. उत्तरेला बेन लोमंडचा माथा ढगातून मिनिटभर बाहेर आला. "तो केवढा?" मामांनी विचारलं. ९७४ मीटर म्हटल्यावर या वेळी हसले नाहीत. पायथ्याची उंची किती आणि परतीची बस किती वाजता, हे दोन प्रश्न लागोपाठ आले. पायथा याच तलावाकाठी, म्हणजे सूट काही नाही. तो जूनमध्ये करू म्हटलं, तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो. मामांनी तिथेच फोन काढून जूनच्या विमानाची तिकिटं बघायला सुरुवात केली, पण रेंज नव्हती.