बारावी कॉमर्सचं स्टॅटिस्टिक्स: वर्गात झालं नाही ते आम्ही कसं भरून काढलं

मी यावल तालुक्यातली, २०२४ ला बारावी कॉमर्स झाले, मॅथ्स घेऊन. आमच्या कॉलेजात मॅथ्सचे कायमचे सर रिटायर झाले आणि ती जागा काही भरली गेली नाही, मग तासिका तत्त्वावर एक सर यायचे. ते अजून दुसऱ्या कॉलेजांवरही जायचे त्यामुळे कायम घाईत. आल्या आल्या फळ्यावर सूत्र, खाली गाईडमधलं एक उदाहरण, आणि "हे आयएमपी आहे, पाठ करून घ्या" की तास संपला. कुणी विचारलं सर हे असं का करायचं तर म्हणायचे पेपरात 'का' विचारत नाहीत. त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही, तासाप्रमाणे पैसे आणि तेही महिनोन्महिने न मिळणारे, पण नुकसान आमचं झालं हे खरंच आहे. निर्देशांक (भाव किती वाढले त्याचं माप) आणि कालश्रेणी (वर्षानुवर्षांच्या आकड्यांचा कल) हे दोन धडे तर "घरी करून घ्या" यातच निघून गेले.

तालुक्याला क्लासेस आहेत पण सगळे सायन्सवाल्यांचे, नीट आणि सीईटीचे. कॉमर्सच्या मॅथ्ससाठी रोज जळगावला जायचं म्हणजे येण्याजाण्यातच दिवस गेला असता, आणि घरी केळीचं काम, तेही सोडून चालत नाही. मग मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी गावातल्या अभ्यासिकेत बसायचं ठरवलं. तिथं एमपीएससी आणि पोलीस भरतीवाली मुलं बसतात. त्यातल्या एका दादाचं बीएस्सी स्टॅटिस्टिक्स घेऊन झालेलं होतं, त्याला आम्ही सारखं विचारायचो आणि तो कधी वैतागला नाही.

त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "अकरावीचं पुस्तक कुठंय?" आम्ही म्हटलं दादा परीक्षा बारावीची आहे. तर म्हणे आणा तरी. आणि त्याचं बरोबर होतं. बारावीच्या भाग २ मध्ये रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढायची रेषा) आहे, पण ते उभं आहे अकरावीच्या प्रमाण विचलन आणि सहसंबंधावर (दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात), आणि ते धडे आमचे अकरावीत नुसते उरकले होते. ज्यांचं बारावीचं रिग्रेशन डोक्यावरून जातंय त्यांनी आधी अकरावीचा भाग २ काढा, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे. एनसीईआरटीचं अकरावीचं संख्याशास्त्राचं पुस्तकही फुकट मिळतं, हिंदीत पण आहे, त्यात प्रत्येक गोष्ट कशासाठी करायची ते नीट सांगितलंय, आमच्या पुस्तकात गणितं जास्त आणि सांगणं कमी.

दादाची एकच सवय आम्हाला लागली आणि बाकी सगळं तिच्यातूनच आलं. तो म्हणायचा सूत्र झाका, आधी सांगा उत्तर कितीच्या आसपास येईल. सुरुवातीला हे फार अवघड जातं कारण आपल्याला वर्गात आकडे बघायला कुणी शिकवलेलंच नसतं, आकडे फक्त सूत्रात टाकायला शिकवलेलं असतं.

मला हे खरं कळलं ते घरच्या केळीवर. आमच्याकडे माल निघाला की रास किती पडली हे विचारतात, म्हणजे घडाचं सरासरी वजन. आबा बागेतून एक चक्कर मारून सांगतात, वीसची पडेल, बावीसची पडेल, आणि बहुतेक वेळा जवळपास येतं. मी वहीत पाच घडांची वजनं लिहिली, १४, १६, १८, २०, ३२ किलो. सरासरी आली २०. आबांना दाखवलं तर म्हणाले, "वीसची कशी काय वो माय, हा एक बत्तीसचा सोडला तर वीसच्या वर एकबी नाही." एवढ्या वाक्यात मीन (सरासरी) आणि मीडियन (मधला आकडा) यांतला फरक आला. मीडियन १८, कारण मधला घड १८ चा, एका मोठ्या घडानं सरासरी वर ओढली पण मधला घड हलला नाही. मग प्रत्येकातून २० वजा केले, -६, -४, -२, ०, १२, बेरीज शून्य. ती शून्यच यायला पाहिजे, नाही आली तर सरासरी चुकली, ही पहिली तपासणी. वर्ग केले ३६, १६, ४, ०, १४४, बेरीज २००, भागिले ५ म्हणजे ४०, वर्गमूळ ६.३२, हेच प्रमाण विचलन. आता ३२ च्या जागी २२ ठेवा. सरासरी १८, वर्गांची बेरीज ४०, भागिले ५ आठ, वर्गमूळ २.८३. एकच घड बदलला आणि प्रमाण विचलन निम्म्याच्याही खाली आलं. प्रमाण विचलन म्हणजे माल किती एकसारखा आहे त्याचं माप, हे मला वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं, मी फक्त त्याचं सिग्माचं चिन्ह गिरवत होते.

बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. म्हणून या तपासण्या आमच्यासाठी फार मोलाच्या होत्या, आम्ही वहीच्या मागच्या पानावर त्या लिहून ठेवायचो. रिग्रेशनमधली सगळ्यात कामाची सांगते. प्रश्नात दोन समीकरणं देतात आणि कुठलं वायचं एक्सवर (एक्सवरून वायचा अंदाज) आणि कुठलं एक्सचं वायवर ते सांगत नाहीत. समजा २एक्स + वाय = १३ आणि एक्स + २वाय = १४. दोन्ही सोडवले की एक्स ४, वाय ५, हे दोघांचे मीन, कारण दोन्ही रेषा मीनमधूनच जातात. आता पहिलं समीकरण वायचं एक्सवर धरलं तर सहगुणक (एक्स एकनं वाढला की वाय कितीनं बदलतो) येतो -२, आणि दुसरं एक्सचं वायवर धरलं तर त्याचा पण -२, गुणाकार ४. हा गुणाकार म्हणजे आरचा (सहसंबंधाच्या आकड्याचा) वर्ग, तो १ पेक्षा मोठा होऊच शकत नाही, म्हणजे धरलेलं उलटं. पलटलं की दोन्ही -१/२, गुणाकार १/४, आणि दोन्ही सहगुणक ऋण म्हणून आर = -०.५. गाईडमध्ये "लेट अस अझ्यूम" लिहून पुढे जातात, का धरलं ते लिहीतच नाहीत, मग पेपरात समीकरणं उलट्या क्रमानं आली की मुलं गडबडतात.

अजून एक, आकडे मोठे असले की एक्समधून एखादा सोयीचा आकडा वजा करायचा. वजा केल्यानं प्रमाण विचलन बदलत नाही, सहसंबंध बदलत नाही, रिग्रेशनचे सहगुणक पण बदलत नाहीत. पण भागलं तर प्रमाण विचलन बदलतं, सहगुणकही बदलू शकतात, सहसंबंध मात्र तसाच राहतो. हे पाठ करू नका, पाच घडांवर करून बघा.

निर्देशांक आम्हाला तसा इकॉनॉमिक्सच्या मॅडमनी सोडवून दिला. तोच धडा बारावीच्या अर्थशास्त्रात आहे आणि मॅडम छान शिकवायच्या, तर आम्ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून एकदमच केला, एका अभ्यासात दोन पेपरांचं काम. मी घरच्या किराण्याचं उदाहरण बनवलं होतं. तूरडाळ आधी १०० रुपये आणि ४ किलो, आता १६० आणि महाग झाली म्हणून ३ च किलो. तेल आधी १२०, आता १५०, दोन्ही वेळा ५ किलो. निर्देशांकाच्या लास्पेअर पद्धतीत जुनी नगसंख्या धरायची, नव्या भावानं खर्च १३९० भागिले जुन्या भावानं १०००, गुणिले १००, म्हणजे १३९. पाशे पद्धतीत नवी, १२३० भागिले ९००, गुणिले १००, म्हणजे १३६.६७. मम्मीला विचारलं की डाळ महागली तर काय करतेस, तर म्हणे वरण पातळ करते. ते पातळ वरण लास्पेअरला दिसत नाही, पाशेला दिसतं, म्हणून इथं पाशे खाली येतो. फिशर ही तिसरी पद्धत, दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, म्हणजे उत्तर १३६.६७ आणि १३९ च्या मध्येच यायला हवं, बाहेर गेलं की परत बघा. बातम्यांत दर महिन्याला महागाईचा आकडा यायचा तेव्हा त्याचं मूळ वर्ष (ज्याच्या भावांशी तुलना करतात ते) २०१२ होतं, तो आकडा कसा बनतो हे कळल्यावर बातमी ऐकायला पण मजा यायची.

कालश्रेणीत एवढंच लक्षात ठेवा की चार वर्षांची चलत सरासरी (चार-चार वर्षांचा गट एकेक वर्ष पुढे सरकवत काढलेली) दोन वर्षांच्या मधोमध पडते, म्हणून परत दोन-दोनची सरासरी काढून ती वर्षासमोर आणावी लागते. तक्ता बनवताना मधली ओळ मोकळी सोडली की गोंधळ होत नाही. संभाव्यतेच्या धड्यातल्या पॉयसनमध्ये मीन आणि व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) सारखे. असाइनमेंटचं (कुणाला कुठलं काम द्यायचं याचं) गणित तर सरावानंच येतं, त्यात समजण्यासारखं जास्त काही नाही, रोज एक सोडवा.

व्हिडिओंचं सांगते. खान अकॅडमीचे चांगलेत, पण तो सिलॅबस जास्त करून अमेरिकेतला, आपल्या पेपराला जे लागतं ते सगळं त्यात नाही आणि जे त्यात आहे ते सगळं आपल्याला नाही. कन्सेप्टसाठी बघा, लिहायची पद्धत बोर्डाचीच ठेवा. लेखी ८० मार्कांचं, तीन तास, ४०-४० चे दोन सेक्शन, बाकी २० अंतर्गत. स्टेपला मार्क असतात, तर सूत्र, तक्ता, बेरजा, किंमती टाकणं असं एकाखाली एक. ॲक्टिव्हिटीच्या प्रश्नात अर्धं सोडवलेलं गणित देतात आणि चौकटी भरायच्या असतात, ते सोपे मार्क आहेत पण ज्यांनी नुसतं पाठ केलंय त्यांना मधली पायरी ओळखू येत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका आम्ही घड्याळ लावून सोडवायचो आणि एकमेकींचे पेपर तपासायचो. तपासताना जास्त शिकायला मिळालं, कारण दुसरीनं असं का केलं हे तिला विचारावं लागतं आणि तिला सांगावं लागतं.

मला ८० पैकी ७१ पडले, माझ्या दोघी मैत्रिणी पण चांगल्या पास झाल्या. वर्गातल्या बऱ्याच जणांचा मात्र हाच विषय राहिला, आणि ती मुलं आमच्यापेक्षा कमी हुशार होती असं अजिबात नाही, त्यांना अभ्यासिकेत कुणी दादा भेटला नाही एवढंच. कॉलेजातली जागा अजून रिकामीच आहे. पालकांनी मिळून प्राचार्यांकडे लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. तोपर्यंत अकरावीची काही मुलं रविवारी सकाळी अभ्यासिकेत येतात, मी आणि एक मैत्रीण शिकवतो, सध्या प्रमाण विचलन चालू आहे आणि प्रत्येकानं आपल्या घरचे आकडे आणायचे असं सांगितलंय. कुणी कापसाची वजनं आणली, एकजण डेअरीचं दुधाचं फॅट आणि लिटरचं कार्ड घेऊन आला, त्यावर पुढच्या आठवड्यात सहसंबंध करणार आहोत.